एका फुंकणीला दोन तोंडं

८ फेब्रुवारी

बारक्या,

आशीर्वाद गृहीत धर. फोन तू उचलत नाहीस, आणि मोबाईलवर टाइप करायला माझी बोटं जाड पडतात, एक अक्षर दाबावं तर तीन उमटतात. म्हणून कागद. तुझी वहिनी तुमच्या दारात भाजी ठेवायला येईल तेव्हा पिशवीत हा घालून देईल. वाचायचा नसेल तर नको वाचूस, पण परत पाठवू नकोस. झाला तेवढा पाणउतारा पुरे आहे.

शनिवारी जे झालं त्याला तू म्हणालास, 'दादा, मुद्दाम केलंस.' मुद्दाम? अरे, काच फुगवताना इतकी वर्षं आपण दोघं एकाच फुंकणीला तोंड लावत आलो. पहिला फुगा तू धरायचा, खालच्या स्टुलावर बसून फिरवायचा तू, आणि शेवटची फुंक माझी. ही शेवटच्या फुंकेची पद्धत बाबांनी घालून दिलेली. घरातल्या थोरल्याची फुंक लागल्याशिवाय आपल्याकडची काच निववायच्या भट्टीत जात नाही, हे गिऱ्हाइकांनासुद्धा माहीत आहे.

रोग आला म्हणून तू दोन फुंकण्या वेगळ्या केल्यास. तुझ्या फुंकणीला निळी पट्टी बांधलीस. 'लस घ्यायची नसेल तर निदान एवढं पाळ, ज्याचा गोल त्याने पुरा करायचा,' म्हणालास. पाळलं की! मी काही बोललो? शनिवारी तुझा गोल एका बाजूने ओघळायला लागला, तू चिमटा घ्यायला वळलास, आणि तुझ्या फुंकणीकडे माझं तोंड गेलं. एखाद्याचा हात जातो तसं तोंड गेलं. पट्टी निळी की पिवळी बघायला वेळ कुठे होता? काच थांबते का कुणासाठी?

आणि तू काय केलंस? सबंध गोल, फुंकणीसकट, फुटक्या काचेच्या पिंपात कोंबलास. एप्रन खुंटीला नाही, जमिनीवर फेकलास. डोक्यात राख घालून निघून गेलास, तेही भट्टीवाल्यासमोर. आता तो, म्हणजे आपलं हवामान खातं, सगळ्या रस्त्याला सांगत सुटलाय की दोघा भावांचं फाटलं. त्याचा एकही अंदाज आजवर खरा झालेला नाही, तेवढाच दिलासा.

तुझ्या बायकोची, आपल्या मास्तरणीची, मला काळजी नाही असं समजू नकोस. तिचं मूत्रपिंड बदललं तेव्हा इस्पितळाच्या बाकावर तुझ्या शेजारी मीच बसलो होतो. ते नवं मूत्रपिंड अंगाने नाकारू नये म्हणून तिच्या अंगातली ताकद गोळ्या देऊन मुद्दाम कमी ठेवतात, तिला साधी सर्दीही महागात पडते, आणि तिने स्वतः लस घेतली तरी ती तिला इतरांसारखी लागू पडेल याचा भरवसा नाही, म्हणून भोवतालच्यांनी घ्यायची. सगळं पाठ आहे मला. पण माझं अंग माझं आहे आणि दंडही माझाच. त्यात काय टोचून घ्यायचं ते मी ठरवणार. माझी छाती भट्टीशेजारी तापून निघालेली आहे, तिला असल्या टोचण्यांची गरज नाही.

वाचनालयाच्या दिव्यांचे गोल अजून निम्मेसुद्धा झालेले नाहीत. राग उतरला की ये.

दादा


१५ फेब्रुवारी

बारक्या,

उत्तर नाही. बरं. तुझ्या हट्टाला माझ्याकडे औषध नाही, पण तोडगा आहे.

फुंकणीला बसवायची दोन सुटी तोंडं करून घेतली आहेत. पितळेची, आट्याची. फिरवलं की बसतात, उलटं फिरवलं की निघतात. एक तुझं, एक माझं. फुंकून झालं की आपापलं तोंड काढून खिशात टाकायचं. लेथवाला बघून हसला, म्हणाला, 'काच गरम असताना हे आटे फिरवत बसणार का तुम्ही?' त्याला काय कळतंय! आपण सराव करू. माणसाने मनावर घेतलं तर काय होत नाही?

काम चालू आहे. छोटे नग करतोय, बरण्या, झाकणं. मोठे गोल सध्या हातात घेतलेले नाहीत, घाई काय आहे? वाचनालय तर बंदच आहे. एक घेतला होता परवा. निम्म्यात ठसका लागला, भट्टीचा धूर हल्ली फार मागे येतो, आणि गोल बसला. धुराड्याचं काहीतरी करायला हवं.

तुझ्या वहिनीने लस घेतली. मला न विचारता! म्हटलं, विचारायचं तरी. तर म्हणाली, 'विचारलं असतं तर नाही म्हणाला असतात, आणि मग तुमचं न ऐकल्यासारखं झालं असतं. आता नुसतं सांगितलं नाही एवढंच झालं.' हे वकिली डोकं कुठून आणलं कुणास ठाऊक. दंड दुखला तिचा, एक दिवस कणकण होती, बाकी ठणठणीत.

हवामान खात्याची ताजी बातमी ऐक. त्याचं म्हणणं, केंद्रावर नुसतं टोचत नाहीत. आधी छातीला यंत्र लावतात, मग एका नळीत फुंकायला लावतात, आणि आकडा कमी आला की नाव लिहून घेतात. मी म्हटलं, आता हे आम्हाला फुंकायला शिकवणार! खूप हसलो आम्ही.

तू असतास तर तूही हसला असतास. कारखान्यात एकट्याने बोलायची वेळ आलीय माझ्यावर. पाठ धरलीय म्हणून सध्या आरामखुर्चीतच झोपतो, बरं वाटतं त्याने. काळजीचं कारण नाही.

सुटी तोंडं बघायला तरी ये.

दादा


२४ फेब्रुवारी

बारक्या,

काल तुझी वहिनी तुमच्या दारातून परत आली. भांडी आपटत होती. शेवटी मीच विचारलं, काय झालं. मग बांध फुटला तिचा.

तू गच्चीवरच्या खोलीत राहत होतास? त्या शनिवारपासून? माझ्या एका फुंकेपायी?

मास्तरणीने सांगितलं म्हणे तिला, खिडकीतून. घरी गेलास तो खालच्या खोलीत पाऊलच टाकलं नाहीस. त्या पत्र्याखाली, जुन्या गाद्यांच्या शेजारी, आठवड्याच्या वर. ती जिन्यात ताट ठेवायची आणि खाली जाऊन बसायची, मग तू दार उघडून घ्यायचास. ती खालच्या पायरीवर मुलांचे पेपर तपासायची आणि तू वरून तिच्याशी बोलायचास. मुलांनी लिहिलेली अचाट उत्तरं ती तुला मोठ्याने वाचून दाखवायची. माझ्या डोळ्यांसमोरून ते हलत नाही. नवराबायकोने जिन्यात संसार करायचा, आणि का, तर मला धीर धरवला नाही.

का नाही सांगितलंस? मला खोकला नव्हता, ताप नव्हता, तुला ते दिसत होतं. पण हो, मास्तरीणच सांगते ना, अंगात असला तरी कळत नाही बऱ्याचदा. म्हणजे तू बरोबर केलंस. हे लिहायला मला जड जातंय, तरी लिहितो. तिला काही झालं असतं तर मी तुला तोंड दाखवलं नसतं. खरंच सांगतो.

आज सकाळी उठून केंद्रावर गेलो. शाळेचा खेळायचा मोठा हॉल आहे, जमिनीवर पांढऱ्या रेघा मारलेल्या, त्या रेघांवर खुर्च्या. तुझी वहिनी बरोबर होती, ती बाहेर फाटकापाशी थांबली. पण रांग इतकी लांबलचक की काही विचारू नकोस. दुपारही गेली असती. भट्टी वाऱ्यावर सोडून आलो होतो, म्हणून परतलो. बघू पुढे.

मास्तरणीला माझा नमस्कार सांग. नमस्कार नको, विचारलंय म्हणून सांग.

दादा


१ मार्च

बारक्या,

तुझा मेसेज वहिनीच्या फोनवर आला, तिने वाचून दाखवला. 'दादा, रांगेत चारच माणसं होती. वहिनीने पाहिलं. खरं काय ते सांग.'

म्हणजे माझी बायको तुझी हेर. छान.

सांगतो. पण वाचून झालं की फाडून टाक.

दाराशी एक टेबल होतं आणि मागे डॉक्टरीणबाई, गळ्यात ते ऐकायचं यंत्र. माझ्या पुढच्या माणसाला तिने काहीतरी विचारलं आणि त्याच्या पाठीवर यंत्र ठेवलं. मी वळलो आणि चालू लागलो. वहिनीला म्हटलं, रांग लांब आहे. ती एकदा हॉलकडे बघत होती, एकदा माझ्याकडे.

दम लागतो मला. आजचं नाही हे. जिना चढताना मध्येच थांबतो, आणि थांबलोय हे कुणाला कळू नये म्हणून चपलेचा पट्टा ठीक करत बसतो. आडवं झोपलं की कोंडल्यासारखं होतं, म्हणून खुर्ची. पाठ अगदी उत्तम आहे माझी. धुराडंही उत्तम आहे.

आठवतं, आधी सगळं मीच फुंकायचो आणि तू नुसता स्टुलावर? मग मी मोठ्या कामांचा पहिला फुगा तुला द्यायला लागलो. तुला वाटलं, दादा शिकवतोय. तू सगळ्यांना सांगितलंस तसं, फुशारून. तुला शिकवायला नव्हतं ते. मला जमेनासं झालं होतं. शेवटची फुंक तेवढी धरून होतो, कारण ती अगदी हलकी असते, आकार झालेलाच असतो तोवर. ती कुणालाही जमेल. पण बघणाऱ्याला वाटतं, काम थोरल्यानेच पुरं केलं.

डॉक्टरने छाती ऐकली तर एकच गोष्ट सांगणार, फुंकणं बंद. मग मी कोण रे? सकाळी उठून जाऊ कुठे? दुसरं काही येत नाही मला. लसबिस सगळं बोलायला होतं. सुई काय, दहा टोचल्या तरी मी हूं की चूं करणार नाही. मला त्या टेबलाची भीती वाटते.

आणि शनिवारचंही सांगून टाकतो. गोल ओघळत होता हे खरं. पण तू वळला होतास ते क्षणभरच, तू सावरला असतास. मी तोंड घातलं कारण महिनाभरात माझ्याकडून मोठा गोल एकही धड झाला नव्हता, आणि तुझा इतका सुरेख आला होता. त्याला माझी फुंक लागावी असं वाटलं मला. एवढंच. त्या एवढ्याशासाठी तुला गच्चीवर पाठवलं.

आता तुला काय म्हणायचं ते म्हण.

दादा


४ मार्च

बारक्या,

मला वाटलं होतं शिव्या येतील. तू लिहिलंस, 'उद्या सकाळी जा. ऐकू दे त्यांना छाती. मी रस्त्यापलीकडे उभा राहतो.' वहिनीने वाचलं आणि माझा शर्ट इस्त्री करायला घेतला, विचारलंसुद्धा नाही जाणार का म्हणून.

खरंच उभा होतास. मास्क लावलास, टोपी घातलीस, पण विजेच्या खांबाएवढा माणूस लपणार कुठे? तुझं नाव बारक्या ठेवणाऱ्या आत्याला मी मनातल्या मनात हात जोडले.

आत काय झालं ते तुला दिसलं नाही, म्हणून लिहितो.

डॉक्टरीण तीच होती. पोरसवदा. मी समोर बसलो तर म्हणाली, "आजोबा, दम लागतोय का तुम्हाला?"

म्हटलं, "आजोबा कुणाला म्हणता? जिना चढून आलोय."

"इथे जिना नाहीये."

खरंच नाहीये. तळमजल्यावर आहे तो हॉल. तिने बोटाला तो प्राणवायू मोजायचा चिमटा लावला, आकडा बघितला. मग उठून मागे आली आणि पाठीवर यंत्र ठेवलं. श्वास घ्या, सोडा, घ्या, सोडा. बराच वेळ ऐकलं.

"काम काय करता?"

"फुंकतो."

"काय फुंकता?"

"काच. दिव्यांचे गोल, बरण्या. वडिलांपासून."

"हे असं कधीपासून होतंय?"

"झाले बरेच दिवस."

"मग आजवर लस का घेतली नाहीत?"

मी म्हटलं, "छातीमुळे."

तिने यंत्र कानातून काढलं. आवाज चढवला नाही, उलट खाली आणला. म्हणाली, "अहो, छातीमुळेच तुम्ही सगळ्यांच्या आधी यायला हवं होतं. या छातीत तो रोग शिरला तर आमच्या हातात फार काही राहत नाही. तुम्हाला कुणी सांगितलं नाही?"

सांगणार कोण? मी कुणाला कळू दिलं असतं तर ना! तुम्ही सगळे मला मास्तरणीसाठी घे, मास्तरणीसाठी घे म्हणत होतात, आणि मी स्वतःला मोठा मोकळा समजत होतो. रोग आपल्या दोघांच्या घरांत कुणाला आधी गिळायला बसला होता, हे तेव्हा कळलं मला. धाबं दणाणलं. इतके महिने दारोदार फिरलो, हवामान खात्याच्या तोंडाशी तोंड नेऊन गप्पा मारल्या.

टोचलं कधी ते कळलंही नाही. टोचणाऱ्या बाई म्हणाल्या, "झालं." मी म्हटलं, "काय झालं?" शेजारच्या खुर्चीतली बाई फिदीफिदी हसली.

मग थोडा वेळ बसवून ठेवतात. तिथून खिडकीतून तू दिसत होतास. मी दंडावरचा कापूस दाखवला. तू हात वर केलास आणि मग टोपी काढून डोळे पुसलेस. ऊन होतं म्हणालास तर मी ऐकणार नाही.

छातीच्या दवाखान्यात जायला सांगितलंय. जाईन.

दादा


१९ एप्रिल

बारक्या,

कालच भेटलो आपण आणि आज परत पत्र, म्हणजे म्हाताऱ्याचं काहीतरी बिनसलंय असं वाटेल तुला. बिनसलेलं नाही. तोंडाने सांगता आलं नाही, म्हणून लिहितोय.

आधी कालचं. दुसरी लस होऊन दोन आठवडे झाले आणि मास्तरणीने निरोप पाठवला, भाऊजींना घेऊन ये. तिच्या घरात तुझ्याशिवाय माणूस शिरलं नव्हतं इतके महिने. मी मास्क लावून, खिडकीशी, लांबची खुर्ची घेऊन बसलो. तर म्हणाली, "भाऊजी, एवढ्या लांबून माझ्यावर ओरडता तरी येईल का तुम्हाला? जरा पुढे या." बारीक झालीय ती. पण जीभ तशीच आहे. तिने त्या मुलांची उत्तरं मलाही वाचून दाखवली आणि मी इतका हसलो की ठसका लागला, तर तुम्ही दोघंही हसायचं थांबून माझ्याकडे बघत राहिलात. मला फार बरं वाटलं तुमच्यात बसून. असं बसायला मिळावं म्हणून माणसाने दहा लसी घ्याव्यात.

मग निघताना तू विचारलंस, "दादा, उद्यापासून येऊ का कारखान्यात?" आणि मी 'बघू' म्हणून चपला घातल्या. तुझा चेहरा पडला. तुला वाटलं, याच्या मनात अजून राग आहे. म्हणून हे पत्र.

छातीच्या दवाखान्यात मागच्या आठवड्यात जाऊन आलो. नळीत फुंकायला लावलंच. हवामान खात्याचा हा पहिला खरा अंदाज, फक्त पत्ता चुकला होता त्याचा. मी जीव खाऊन फुंकलं. पडद्यावरची रेघ वर जाऊन लगेच खाली बसली. डॉक्टरांनी पुन्हा फुंकायला सांगितलं, पुन्हा तेच. मग त्यांनी खुर्ची जवळ ओढली. फुप्फुसं कडक झालीत, गेलं ते परत येणार नाही, आहे ते जपायचं. औषध आहे, पंपातून तोंडाने आत ओढायचं. भट्टीपाशी चांगला मास्क लावून थोडा वेळ बसलेलं चालेल, हातांनी काम केलेलं चालेल. फुंकणी आजपासून बंद.

ज्या वाक्याला घाबरून मी एवढं महाभारत केलं, ते वाक्य ऐकलं मी शेवटी. वहिनी बाहेर बाकावर होती, तिला 'औषधं दिलीत' एवढंच सांगितलं. घरी येऊन न्हाणीघरात नळ सोडून रडलो. मग बाहेर येऊन जेवलो. भूक लागली होती, काय करणार.

तुला सगळ्यांत आधी सांगतोय. वहिनीला मी आज संध्याकाळी सांगीन.

हवामान खात्याला मात्र मी न सांगताच कुणकुण लागली. म्हणाला, "म्हणजे आता फुंकणीला तुमचं तोंड लागणारच नाही. लस फुकट गेली की तुमची!" त्याला म्हटलं, गाढवा, फुंकणीसाठी घेतली नव्हती ती. आणि तुझी घेऊन झाली नसेल तर उद्यापासून भट्टीपाशी दिसू नकोस. निघाला लगेच, एप्रन न काढता.

तर आता असं. पहिला फुगाही तुझा आणि शेवटची फुंकही तुझी. बाबांनी पद्धत घातली तेव्हा थोरल्याचा दम संपला तर काय करायचं, हे सांगायचं त्यांच्या डोक्यात आलं नसावं, म्हणून ते मी ठरवलं. मी हे रागाने ठरवलंय असं वाटू देऊ नकोस. वाईट वाटतंय, खूप वाटतंय, पण तुझ्या हातून काम गेलं तर वाटेल त्याहून कमी.

भट्टी कालपासून तापत ठेवली आहे. उद्या सकाळी ये. मी तुझ्या स्टुलावर बसलेला असेन, चिमटा हातात घेऊन, तोंडाला मास्क. त्या स्टुलावर माझे गुडघे हनुवटीला लागतात, फार वाईट ध्यान दिसतं. हसायचं असेल तर दारातच हसून घे, आणि मग आत ये.

दादा